पार्सल भिवंडीत आहे

माणसे भिवंडीला का जातात? कोणी वज्रेश्वरीच्या वाटेवर उतरतो, कोणी कापडाच्या धंद्यापायी जातो, कोणाची लेक तिथे दिलेली असते. मी गेलो तो एका पार्सलाच्या मागे.

त्याचे असे झाले. आमच्या घरी एक म्हातारा संगणक आहे. त्याच्या पोटात आईच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या होत्या. आई जाण्याआधी दोन वर्षे मी त्या मोबाइलवर टिपल्या आणि मोठ्या शहाणपणाने संगणकात 'सुरक्षित' ठेवल्या. चौदा ओव्या, चौदा फाइली. पुढे मोबाइल बदलला आणि तिथल्या पुसल्या गेल्या. यंदा भाद्रपदात संगणकाच्या पेटीतून टक्-टक् असा आवाज येऊ लागला. पाल चुकचुकावी तसा! मी घाबरून, ओव्या उतरवून घेण्यासाठी बाहेरून जोडायची एक डिस्क मागवली. तीन दिवसांत येणार होती. चौथ्या दिवशी मोबाइल म्हणाला, "आपले पार्सल भिवंडीत आहे." पाचव्या दिवशी तेच. सहाव्या दिवशीही तेच. इकडे मी दिवसातून दहा वेळा संगणक सुरू करून, "अजून जिवंत आहे ना?" म्हणून पाहत होतो.

सौ. म्हणाल्या, "भिवंडी काय काशी-रामेश्वर आहे? जाऊन या. ताईंचीही भेट होईल."

ठाण्याहून बाळकुमनाका ओलांडला, कशेळीच्या पुलावरून खाडी पाहिली, की काल्हेर, पूर्णा, राहनाळ अशी गावे लागतात. गावे म्हणायची एवढेच. दोन्ही अंगांना गोदामेच गोदामे. पूर्वी मुंबईच्या वेशीवर जकात होती. वेशीबाहेर माल उतरवून ठेवावा आणि लागेल तेवढाच आत न्यावा, हे व्यापाऱ्याच्या सोयीचे होते. शिवाय जागा स्वस्त आणि नाशिकचा महामार्ग जवळ. १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला, जकात गेली, पण गोदामे गेली नाहीत, उलट वाढली. आज मुंबईच्या घराघरात येणाऱ्या मिक्सरपासून मोबाइलपर्यंत कितीतरी वस्तू आधी भिवंडीचे पाणी पिऊन येतात. याच तालुक्यातल्या अंजूरच्या गंगाजी नाईकांनी चिमाजीअप्पांच्या वसईच्या मोहिमेला हातभार लावला होता. १७३९ साली वसई पडली. मला एक गोदामही सर होईना! फाटकावरच्या पहारेकऱ्याने अदबीने सांगितले, "आत हजारो पार्सले आहेत, काका. तुमचे कोणते ते यंत्रालाच ठाऊक."

हात हलवत ताईकडे गेलो. "पार्सलासाठी का होईना, आलास तरी!" असे म्हणून तिने चहा टाकला. तेवढ्यात मोबाइल वाजला. संदेश होता: पत्ता अपुरा असल्याने पार्सल अडकले आहे, खालच्या दुव्यावर बोट ठेवून पाच रुपये भरा. मला केवढा आनंद झाला! पाच रुपयांत काम होत होते. मी चष्मा पुसून बोट पुढे केले, तोच भाचा ओरडला, "मामा, थांबा!"

त्याने सांगितले ते वाचकांनीही ध्यानात ठेवावे. ते पाच रुपये म्हणजे गळाला लावलेले गांडूळ. त्या दुव्यावर कार्डाचा क्रमांक आणि मोबाइलवर आलेला ओटीपी टाकला, की खाते रिकामे. पार्सलाची चौकशी, जिथून वस्तू घेतली त्या ॲपमध्ये आपण होऊन जाऊनच करावी. आणि पैसे गेलेच, तर लाजून घरी न बसता तत्काळ १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे कठीण.

भाचा एका यंत्रमागाच्या कारखान्यात हिशेब लिहितो. जेवण झाल्यावर तो मला तिथे घेऊन गेला. पत्र्याच्या छपराखाली दोन रांगांत माग चालले होते. तो खडखडाट असा, की शेजारच्याशीही खुणेने बोलावे. धोटा इकडून तिकडे धावतो, कांडीवरचा धागा सुटत जातो, कापड वीतभर पुढे सरकते. एकेक विणकर चार-सहा माग सांभाळतो. भिवंडीतल्या अशा किती कारखान्यांतले माग आता भंगारात गेले आणि त्यांच्या जागी गोदामे उभी राहिली. जे चालतात, ते मंदीशी आणि विजेच्या बिलाशी झगडत चालतात.

गंमत अशी, की मागाचे आणि संगणकाचे नाते जुने आहे. फ्रान्समध्ये जॅकार्डने १८०४ साली भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालणारा नक्षीचा माग काढला. त्या पुठ्ठ्यांवरूनच इंग्लंडच्या बॅबेजला आपल्या गणकयंत्राला हुकूम देण्याची युक्ती सुचली. अमेरिकेत १८९० च्या जनगणनेचा हिशेबही भोकांच्या पत्त्यांवरच झाला. भिवंडीचे हे माग साध्या कापडाचे, पण भाऊबंद त्याच घराण्यातले!

माझ्या डोळ्यांदेखत एक माग आपोआप थांबला. आडवा धागा तुटला, की काट्यासारखा एक बारीक भाग ते ओळखतो आणि माग बंद पाडतो. सगळे ज्यांना चाचा म्हणतात ते वृद्ध जॉबर तिथे आले. त्यांनी कळ दाबण्याची घाई केली नाही. आधी वाकून पाहिले. बाहेर आल्यावर मी त्यांना माझ्या संगणकाचे दुखणे सांगितले. ते हसून म्हणाले, "साहब, टूटे धागे पे लूम चलाओगे तो कपडा ही खराब होगा. पहले रोको."

भाच्याने मान डोलावली. संगणक नुसता अडून बसला, तर बंद करून पुन्हा सुरू करावा. त्याची तात्पुरती स्मृती रिकामी होते आणि गुंता सुटतो. पण पेटीतून टक्-टक् येत असेल, तर गोष्ट निराळी. जुन्या पद्धतीच्या डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि केसाच्या जाडीहूनही कमी अंतरावरून तिचे वाचक टोक सरकते. ते बिघडले असताना पुन्हापुन्हा सुरू करणे म्हणजे जखमेवर करवत चालवणे. माझ्या पोटात गोळा आला. रोज दहा वेळा ती करवत मीच चालवत होतो! मी तिथूनच घरी फोन केला, "संगणकाला हात लावू नका. बटण बंद करून वायर काढा."

पार्सल दुसऱ्या दिवशी मुकाट्याने घरी आले. मी डिस्क आणि संगणक घेऊन एका जाणकाराकडे गेलो. आठ दिवसांनी त्याने चौदांपैकी अकरा ओव्या काढून दिल्या. तीन गेल्या.

भाऊबीजेला पुन्हा भिवंडीला गेलो, या वेळी पार्सलाविना. ताईने ओवाळले, मग मी तिला आईचा आवाज ऐकवला. अकरावी ओवी संपली तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मी अपराध्यासारखा म्हणालो, "तीन माझ्या हातून गेल्या गं."

"कोणत्या?" तिने विचारले. मी पहिले शब्द सांगितले. तिने पदराने डोळे टिपले आणि त्यातली एक ओवी सबंध म्हटली. मग दुसरी. तिसरीचा शेवट मात्र तिलाही आठवेना.

मी मोबाइल पुढे धरला होता. तेरा ओव्यांच्या आता तीन प्रती आहेत: एक संगणकात, एक नव्या डिस्कवर आणि एक ताईच्या घरी, भिवंडीत.