काशीस जातांना कोणतें पुस्तक घ्यावें?

प्रवासाला निघतांना पिशव्या, औषधें आणि फराळाचे डबे यांची जेवढी चिकित्सा आपल्या घरांत होते, तिच्या दशांशानेंहि वाटाड्या पुस्तकाची होत नाहीं. गाडी सुटावयाच्या आधीं स्टेशनावरच्या दुकानांत मुखपृष्ठ पाहून घ्यावयाची ती वस्तु, अशीच आपली समजूत असते. माझीहि तशीच होती. छापलेलें तेवढें सारें खरें नसतें, हें मीं छत्तीस वर्षें मुलांना शिकविलें. पण काशीस गेलों तेव्हां मीच तें विसरलों. त्याचें प्रायश्चित्त मात्र माझ्या वहिनींना घ्यावें लागलें, म्हणून हा लेख.

२०२३ सालच्या कार्तिकांत, शुद्ध पक्षांत, आम्ही काशीस जाण्याचें ठरविलें. वहिनींचें वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे अधू. दादा गेल्यापासून त्या फारशा कोठें गेल्या नव्हत्या. त्यांच्या इच्छा दोनच. कार्तिकांत पंचगंगा घाटावर उंच वेळूंच्या टोकाशीं टोपल्यांतून आकाशदीप लावतात, ते पाहावे, ही एक. आणि त्यांचे आजोबा अखेरच्या दिवसांत लाहोरी टोल्यांतील ज्या घरीं राहिले, तें घर एकदां डोळ्यांनीं पाहावें, ही दुसरी. आजोबांच्या हातचें एक कार्ड त्यांनीं देवघराच्या खणांत अजून जपून ठेविलें आहे.

पुस्तक कोणतें घ्यावें यावर माजघरांत मोठी सभा भरली. पुतण्यानें एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणलें. त्यांत सारा हिंदुस्थान होता आणि काशीच्या वांट्यास थोडीं पानें आलीं होतीं. त्यांतलींहि बरीचशीं उतरण्याच्या व खाण्याच्या जागांनीं भरलेलीं. सूनबाईंचें म्हणणें, पुस्तक हवेंच कशाला, सारें मोबाइलांत आहे. मी आपला काशीखंड काढून बसलों. अखेरीस तडजोड म्हणून यात्रेकरूंसाठीं छापलेलें एक लहानसें पुस्तक घेतलें. त्याच्या कव्हरावर ‘नवी आवृत्ति’ असें ठळक अक्षरांत होतें, किंमत बेताची होती आणि अक्षर मोठें होतें. मीं तेवढ्यावरच समाधान मानलें.

वाटाड्या ग्रंथ ही कांहीं केवळ साहेबाची कल्पना नव्हे. स्कंदपुराणांतील काशीखंडाचे शंभर अध्याय म्हणजे एका परीनें त्या क्षेत्राचें मार्गदर्शकच होय: कोणतें तीर्थ कोठें, कोणत्या क्रमानें, कोणत्या दिवशीं. सोळाव्या शतकांत काशींत नांदलेले, मूळच्या पैठणच्या घराण्यांतले नारायणभट्ट यांनीं ‘त्रिस्थलीसेतु’ लिहून प्रयाग, काशी आणि गया या तिन्ही ठिकाणांचा विधि यात्रेकरूंसाठीं लावून दिला. विलायतेंत मरे यांचें पहिलें हँडबुक १८३६ सालीं निघालें, आणि जर्मनींत बेडेकर यांनीं (नांव ऐकून कोणी कोंकणांतले आप्तच वाटावे!) प्रेक्षणीय स्थळांपुढें तारका छापण्याची रीत रूढ केली. या सर्वांत एक गोष्ट सारखी आहे. प्रत्येक पुस्तक कोणा एका प्रवाशास डोळ्यांपुढें ठेवून लिहिलेलें असतें. काशीखंडाच्या प्रवाशास पुण्य हवें आहे, मरेच्या प्रवाशास इतिहास आणि स्वच्छ बिछाना हवा आहे. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या अधू गुडघ्यांना डोळ्यांपुढें ठेवून यांपैकीं कोणीच लिहिलेलें नाहीं; तें काम घरच्या माणसानें करावयाचें असतें. मीं तें केलें नाहीं.

काशींतल्या दुसऱ्या दिवशीं सकाळीं विश्वनाथाचें दर्शन झालें. मोबाइल देवळांत नेतां येत नाहीं, म्हणून तो आम्हीं उतरलों होतों तेथेंच ठेविला होता. बाहेर आल्यावर मीं पुस्तक उघडलें आणि मोठ्या आत्मविश्वासानें म्हटलें, “चला वहिनी, आतां तुमच्या आजोबांचें घर.” पुस्तकांत लिहिल्याप्रमाणें सरस्वती फाटकाच्या बाजूनें वळावयाचें, पुढें लाहोरी टोला, आणि त्याच्या गल्लींतून पायऱ्यांनीं खालीं ललिता घाट. आम्ही वळलों, गल्ली नाहीं. परत आलों, दुसरीकडून गेलों, तेथेंहि नाहीं. पुस्तक चुकेल असें माझ्या मनांतहि येईना. मीच वाट चुकलों असें समजून मी वहिनींना त्या दगडी फरसबंदीवरून तिसऱ्यांदा फिरविलें. दीड तासानें पहाऱ्यावरच्या एका शिपायास विचारलें. तो हंसला नाहीं, हे त्याचे उपकार. “वह टोला अब कहाँ, गुरुजी,” एवढेंच तो म्हणाला.

हकीकत अशी कीं, देवळापासून थेट गंगेपर्यंत जें विस्तीर्ण प्रांगण झालें आहे, त्याचें उद्घाटन १३ डिसेंबर २०२१ रोजीं झालें. त्यासाठीं सुमारें तीनशें इमारती विकत घेऊन पाडण्यांत आल्या, आणि लाहोरी टोला त्यांतच गेला. आमच्या ‘नव्या आवृत्तीं’त नवें होतें तें फक्त कव्हर. आंतील मजकूर निदान पांच वर्षें जुना, हें मुक्कामावर येऊन पुस्तक चाळल्यावर कळलें. कारण त्यांत मोगलसराई स्टेशन अजून जुन्याच नांवानें नांदत होतें, आणि तें नांव तर २०१८ सालींच बदललें.

वहिनी एका पायरीवर बसल्या. त्या रागावल्या असत्या तर बरें झालें असतें. त्या म्हणाल्या, “भाऊजी, घर पडलें त्याला कोण काय करणार? पण हें मला आपल्या ओटीवरच कळलें असतें, तर मीं येथें एवढी चाल केली नसती. हे पाय मीं संध्याकाळसाठीं राखले होते.”

संध्याकाळीं त्यांचे गुडघे इतके सुजले कीं नावेपर्यंत उतरणेंहि अशक्य झालें. पंचगंगेच्या पायऱ्या उभ्या चढणीच्या. तेथें डोलींतून नेऊं म्हटलें तर त्या तयार होईनात. दुसऱ्या दिवशीं सकाळची गाडी. मुलें जाऊन आकाशदीप पाहून आलीं, त्यांनीं मोबाइलांत चित्रें आणलीं. वहिनींनीं तीं दोन वेळां पाहिलीं आणि मोबाइल परत दिला. मी त्या वेळीं खिडकीशीं उभा होतों. मला मागें वळून पाहावेना.

घरीं आल्यावर मीं दोन महिने निरनिराळीं पुस्तकें मागवून ताडून पाहिलीं. त्यांतून जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवितों.

पहिली गोष्ट, ‘आवृत्ति’ या शब्दावर विश्वास ठेवूं नये. एखादी अलीकडे घडलेली, सर्वांस ठाऊक असलेली घटना घ्यावी आणि ती पुस्तकांत आहे काय तें पाहावें. काशीपुरतें बोलावयाचें तर दोन खुणा पुरेत: २०२१ चें प्रांगण त्यांत आहे काय, आणि त्याच सालीं मंडुआडीह स्टेशनाचें ‘बनारस’ असें नामांतर झालें तें आहे काय? शहरांत वाराणसी जंक्शन, बनारस आणि काशी अशीं निरनिराळीं स्टेशनें आहेत. ज्या पुस्तकाला त्यांतील भेद ठाऊक नाहीं, तें आपणांस भलत्याच ठिकाणीं उतरवील.

दुसरी गोष्ट, जें गांव आपणांस माहीत आहे तेथील पान आधीं वाचावें. पुस्तक साऱ्या देशाचें असेल तर पुणें, नाशिक किंवा आपलें गांव काढावें. तेथें लेखक चुकत असेल, तर परक्या गांवीं तो बरोबर असेल असें मानण्यास कांहीं आधार नाहीं. नामांकित शिक्षकसुद्धां ओळखीचा धडा शिकवितांना जोखतां येतो.

तिसरी गोष्ट, नकाशा. नकाशाला प्रमाण हवें, आणि पायऱ्या कोठें आहेत हें मजकुरांत तरी असावें. असीपासून आदिकेशवापर्यंत ऐंशींहून अधिक घाट एका ओळींत आहेत. कागदावर ते बोटभर अंतराचे दिसतात. पावसाळ्यांत तर गंगा पायऱ्या गिळून टाकते आणि एका घाटावरून दुसऱ्या घाटावर चालत जातांच येत नाहीं. हें न सांगणारें पुस्तक, लेखक तेथें एकाच ऋतूंत गेला होता किंवा मुळींच गेला नव्हता, हें सिद्ध करितें.

चौथी गोष्ट, पुस्तकाला आपल्या माणसांची ओळख आहे काय तें पाहावें. सध्यांचें विश्वनाथाचें देऊळ अहल्याबाई होळकरांनीं १७८० च्या सुमारास बांधविलें. ज्ञानवापीभोंवतालचा स्तंभमंडप बायजाबाई शिंद्यांनीं १८२८ सालीं उभारला. झांशीची राणी लक्ष्मीबाई काशींतच जन्मली. मराठी घरांतील मुलांना हें तेथें उभें राहून कळलें, तर शाळेंतलें वर्षभराचें शिकवणें एका सकाळींत होतें. तसेंच भारतमातेच्या मंदिराचें. तेथें मूर्तीच्या जागीं देशाचा संगमरवरी उठावाचा नकाशा आहे. त्याचें उद्घाटन १९३६ सालीं महात्मा गांधींच्या हस्तें झालें. आमच्या पुस्तकांत यापैकीं एका ओळीचाहि उल्लेख नव्हता.

राहिला मोबाइल. सूनबाईंचें म्हणणें आतां मी निम्में मान्य करितों. आज कोणती वाट बंद आहे हें तो पुस्तकापेक्षां चांगलें सांगतो. मीं तो निघण्यापूर्वीं एकदां विचारला असता, तर लाहोरी टोल्याची वार्ता आमच्या ओटीवरच कळली असती. पण देवळाच्या दारांत तो आपल्याजवळ नसतो, आणि कोणती गोष्ट सोडून द्यावी हें तो सांगत नाहीं. चांगलें पुस्तक तें सांगतें. म्हणून दोन्ही घ्यावीं, आणि दोन्हींची एकमेकांशीं गांठ घरींच घालून पाहावी.

मुख्य म्हणजे, पुस्तक निवडण्यापूर्वीं बरोबर येणाऱ्या सर्वांत अशक्त माणसाला विचारावें, “तुम्हांला एकच गोष्ट पाहतां आली, तर कोणती पाहाल?” तें पान प्रथम उघडावें, आणि पहिल्या दिवसाची पहिली शक्ति त्या गोष्टीसाठीं ठेवावी. वहिनींना मीं हें विचारलें असतें, तर त्यांनीं काय सांगितलें असतें तें मला आतां पक्कें ठाऊक आहे.

आमच्या शेजारचें कुटुंब माघांत काशीस जावयाचें आहे. त्यांच्या आजीबाई बरोबर आहेत. तें जुनें पुस्तक त्यांनीं मागितलें. मीं तें दिलें नाहीं. नवें आणून दिलें आणि आंत एक कागद घातला. त्यावर पंचगंगेची संध्याकाळ पहिल्या दिवशींच ठेवावी, असें आहे. अक्षर माझें आहे; सांगितलें वहिनींनीं.