वहिनींची जमाखर्चाची वही

आमच्या वर्धा जिल्ह्यांत एके काळीं विम्याचा हप्ता ज्वारीनें भरीत असत, असें आजच्या तरुण वाचकांस सांगितलें तर त्यांस ती थट्टा वाटेल. परंतु गोष्ट खरी आहे. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाच्या आश्रयानें डॉ. उल्हास जाजू यांनीं गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकांत भोंवतालच्या खेड्यांतून अशी योजना चालविली होती. सुगी झाली म्हणजे घरोघरीं ऐपतीप्रमाणें ज्वारी द्यावयाची, आणि दुखणें आलें म्हणजे रुग्णालयानें सांभाळावयाचें. देणारा व घेणारा एकमेकांस चेहऱ्यानें ओळखीत. आतां ज्वारी मागें पडून शेतांत कापूस व सोयाबीन दिसतें, आणि हप्ता बँकेंतून परस्पर वळता होतो. कंपनीचा चेहरा दावा नामंजूर होईपर्यंत कोणास दिसत नाहीं; आणि दिसतो तोहि पत्राच्या रूपानें.

असें एक पत्र २०२२ च्या पावसाळ्यांत आमच्या घरीं आलें. उन्हाळ्यांत आमच्या वहिनींवर नागपुरास पित्ताशयांतील खड्यांची शस्त्रक्रिया झाली होती. खर्च एक लाख अठरा हजार रुपये. घरांतील सर्वांचा मिळून विमा २०१६ पासून होता, आणि एकहि हप्ता चुकला नव्हता. पत्राचा मतलब एवढाच कीं, रुग्णास दहा वर्षांपासून रक्तदाबाचा विकार असल्याचें रुग्णालयाच्या कागदांवरून दिसतें. विमा घेतांना तो दडवून ठेविला. सबब दावा नामंजूर.

पैशापेक्षां ‘दडवून ठेविला’ हे शब्द घरास अधिक लागले. आमचे वडील बंधु, ज्यांस आम्ही सर्व दादा म्हणतों, चाळीस वर्षें शिक्षक होते. त्यांनीं पत्राची घडी करून कपाटांत ठेविली व म्हणाले, “पैसे गेले तर गेले. ज्यांनीं आपणांस खोटें ठरविलें त्यांच्या दारीं याचना करावयास जावयाचें नाहीं.” वहिनी तर पार खचल्या. दाखल होतांना तरुण डॉक्टरानें त्यांस विचारलें होतें, “बी.पी. किती वर्षांपासून?” त्या सहज बोलून गेल्या, “झालीं असतील दहाएक वर्षें.” त्यानें ‘१० वर्षें’ असें टिपून घेतलें. “भाऊजी, माझ्या जिभेनें घराचे लाख रुपये घालविले,” असें त्या मला म्हणाल्या. आजारी माणसानें डॉक्टरापाशीं मोकळेपणानें बोलावें कीं नाहीं, असा प्रश्न घरांत उभा राहावा, याचें मला फार वाईट वाटलें.

मी वकील नव्हे. कचेरींत कारकुनी करून निवृत्त झालेला मनुष्य. कागद वाचण्याची संवय मात्र आहे. पत्र तीनदां वाचल्यावर ध्यानांत आलें कीं, आधार काय तो त्या एका टिपणाचा. २०१६ पूर्वींची एखादी चिठ्ठी, एखादें बिल, कांहींहि नाहीं. आणि दडविल्याचा आरोप जो करतो त्यानें तो सिद्ध केला पाहिजे.

खरें वर्ष कोणतें, हें वहिनींस आठवेना. परंतु लग्न झाल्यापासून रोज रात्रीं जमाखर्च लिहिण्याची त्यांची शिस्त आहे; घरांतील मुलें त्यावरून त्यांची थट्टाहि करतात. माळ्यावरून वह्या काढल्या. दूध, कोथिंबीर, सिलिंडर, लग्नांतले आहेर अशा ओळींतून मी व पुतण्या तीन रात्री फिरत होतों. ‘बी.पी.च्या गोळ्या’ ही पहिली नोंद जून २०१८ ची निघाली, म्हणजे विमा घेतल्यावर दोन वर्षांनीं! पुतण्यानें टाळीच वाजविली.

पण २०१५ च्या वहींत आणखी एक ओळ होती: ‘डॉक्टर तपासणी, रक्तदाब थोडा जास्त, मीठ कमी करणें, रु. १५०.’ गोळी नाहीं, पुढची तपासणी नाहीं. पुतण्या हळूच म्हणाला, “काका, हें पान जोडूं नका. कोणास कळणार आहे?” इतका वेळ वर्तमानपत्रांत डोकें घालून बसलेले दादा उठून आले. “जोडावयाचें. न जोडलें तर त्या पत्रांत लिहिलें आहे तें आज खरें होईल.” त्या रात्रीं दादांनीं स्वतः तक्रारीचा मसुदा लिहावयास घेतला.

पुढील भाग रुक्ष आहे, परंतु कोणाच्या उपयोगीं पडेल म्हणून सांगतों. प्रथम कंपनीच्याच तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लिहावें लागतें. तेथून नकार आला, किंवा महिनाभर उत्तरच आलें नाहीं, कीं एका वर्षाच्या आंत विमा लोकपालांकडे जातां येतें. ही सोय १९९८ पासून आहे. सध्यांचे नियम २०१७ चे. फी नाहीं, वकील चालत नाहीं, आणि आतां पन्नास लाखांपर्यंतची तक्रार घेतात. निकाल कंपनीवर बंधनकारक असतो. आपणांस तो न पटल्यास ग्राहक आयोगाचें दार उघडें राहतें. आम्हीं कंपनीकडून मूळ प्रस्तावपत्राची प्रत मागविली. सही दादांची, आणि बाकी सर्व अक्षर एजंटाचें! जुन्या डॉक्टरांनीं औषध २०१८ सालीं सुरू केल्याचा दाखला दिला. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१५ च्या एका निकालाचाहि आम्हीं उल्लेख केला. तेथें विमेदारानें मणक्याचें दुखणें सांगितलें नव्हतें, मृत्यु हृदयविकारानें झाला, आणि दोहोंचा संबंध नाहीं म्हणून न्यायालयानें वारसांच्या बाजूनें निकाल दिला. तें प्रकरण आयुर्विम्याचें खरें. परंतु पित्ताच्या खड्यांचा तरी रक्तदाबाशीं काय संबंध?

पुण्याच्या लोकपाल कार्यालयापुढें सुनावणी झाली ती संगणकाच्या पडद्यावरून. वहिनी मांडीवर वही घेऊन बसल्या होत्या. कंपनीच्या प्रतिनिधीनें नेमकें २०१५ चेंच पान पुढें केलें. त्यावर उपचार कांहीं झाला होता काय, असें विचारण्यांत आलें. नाहीं, असें आम्हीं सांगितलें. मग वहिनींस प्रश्न आला, दहा वर्षें असें आपण कां सांगितलें? त्या म्हणाल्या, “साहेब, दुखण्यांत वर्षें कोण मोजतो? पैसे मोजले, ते मात्र लिहून ठेविले आहेत.”

महिनाभरानें निकाल आला. हातमोजे वगैरे किरकोळ रकमा वजा जातां एक लाख नऊ हजार रुपये मंजूर झाले. दादांनीं रकमेचा आंकडा पाहिलाच नाहीं. दडविल्याचा आरोप सिद्ध होत नाहीं, तें वाक्य त्यांनीं दोनदां वाचून घेतलें.

२०२४ पासून तर विमा सलग पांच वर्षें चालला असल्यास, लबाडी सिद्ध झाल्याखेरीज, न सांगितलेल्या आजाराच्या सबबीवर दावा नाकारतां येत नाहीं. आमच्या वेळीं ही मुदत आठ वर्षांची होती, आणि आमचीं सहाच भरलीं होतीं.

पुढें पुतण्याच्या पत्नीचें नांव विम्यांत घालावयाची वेळ आली. एजंट म्हणाला, “सही तेवढी करा, बाकी मी भरतों.” दादांनीं त्यास चहा पाजला आणि फॉर्म ठेवून घेतला. त्या एका फॉर्मास आमच्या घरीं चार दिवस लागले.