रस्त्याखालचं पाणी

पावसाळ्यात रस्ता उखडला की बोल लागतो डांबराला. मग डांबर तपासतात, खडी तपासतात. खाली साचलेल्या पाण्याची चौकशी सहसा कुणी करत नाही. मी रस्ता पाहायला निघतो तो उघडीप पडून एक-दोन दिवस झाल्यावर. वरचा पृष्ठभाग खडखडीत वाळलेला असतो, पण एखाद्या भेगेची कड अजून ओली असते. ट्रक गेला की तिच्यातून राखाडी गाळ वर उडतो. खड्डा पुढे तिथेच पडणार असतो.

चाकाचा भार आला की खडीच्या पोकळ्यांतल्या पाण्याचा दाब वाढतो, खड्यांची एकमेकांवरची पकड सुटते आणि बारीक माती पाण्याबरोबर वर येते. काळ्या मातीवर हे फार भोवतं, कारण भिजल्यावर तिच्यात ताकद अशी उरतच नाही. म्हणून तर मातीची ताकद मोजणाऱ्या सीबीआर चाचणीत नमुना चार दिवस पाण्यात बुडवून मग मोजतात. अमेरिकेत इलिनॉय राज्यात 1958 ते 1960 या काळात ट्रक अखंड फिरवून रस्त्यांची मोठी परीक्षा घेतली गेली. ट्रक तेच, भार तोच. पण रस्ते सर्वाधिक खचले ते वसंतात, गोठलेली जमीन वितळून ओली झाली तेव्हा.

आपल्याकडे यावर तजवीज आहे. जीएसबीचा, म्हणजे रस्त्याच्या तळाशी घातलेल्या खडीचा थर भार पसरवतो, तसाच पाणीही बाहेर काढतो. त्यासाठी त्यातली 75 मायक्रॉनपेक्षा बारीक भुकटी 5 टक्क्यांच्या आत ठेवायची आणि थर थेट भरावाच्या उतारापर्यंत नेऊन उघडा सोडायचा. प्रत्यक्षात तो डांबराच्या रुंदीपुरताच पडतो आणि साइडपट्टीला मातकट मुरूम दाबून बसवतात. झाला रस्त्याखाली हौद तयार! त्यावर दर दोन-तीन वर्षांनी डांबराचा नवा थर चढवणं मला उधळपट्टी वाटते.

कोकणात डोंगर कापलेल्या जागी पाणी बाजूने, जांभ्यातून पाझरत येतं. तिथे नुसतं उघडं गटार पुरत नाही. रस्त्याच्या थरांहून खोल चर, त्यात भोकांचा पाईप, भोवती खडी आणि खडीला जिओटेक्स्टाइल कापडाचं वेष्टण, एवढं करून तो पाईप मोरीपर्यंत न्यावा लागतो.

नव्या इंजिनिअरांना मी दोनच गोष्टी सांगतो. बिलावर सही करण्याआधी साइडपट्टी एके ठिकाणी खणून घ्या, जीएसबीची कड दिसलीच पाहिजे. आणि पाईपचं तोंड कुठे उघडतं ते स्वतः जाऊन बघा; झुडपात राहिलेलं तोंड गाळाने बुजतं आणि मग पाईप असून नसल्यासारखाच.