एका दिवसाचा गणपती

नारायण पेठेत जन्मलेल्या मुलीनं ऐन गणेशचतुर्थीला पुणं सोडून परदेशी जावं, हे पाप की नुसता वेडेपणा, यावर आमच्या घरी २०२४ च्या ऑगस्टमध्ये बरीच चर्चा झाली. आजीच्या मते ते पाप होतं. बाबांच्या मते तिकिटाचा खर्च पाहता तो वेडेपणा होता. आमच्या वर्गशिक्षकांच्या मते ती नुसतीच गैरहजेरी होती. पण मामा मॉरिशसला एबेन इथल्या एका कंपनीत नोकरीला, मामीला मुलगी झालेली, आणि बारशाला आईला जाणं भाग होतं. "आईला सोबत हवी" या एकाच मुद्द्यावर मी हा खटला जिंकला. खरं कारण निराळं होतं. मॉरिशसला माझी मैत्रीण होती.

ही मैत्री आमच्या माडीवर जमली. मैत्रिणीची थोरली बहीण पुण्यात शिकायला आली होती आणि तीन वर्षं आमच्या वरच्या खोलीत राहत होती. तिला मी ताई म्हणत असे. तिकडे शाळांची मोठी सुटी वर्षअखेरीला असते. त्या सुटीत, २०२२ च्या डिसेंबरात, ताईची धाकटी बहीण महिनाभर आमच्याकडे आली. ती माझ्याच वयाची. मी तिला सारसबागेतली भेळ खायला आणि रिक्षावाल्याशी भांडायला शिकवलं. ती शाळेत मराठी शिकलेली होती. पण "मी गेलो", "मी जेवलो" असं खुशाल बोलायची आणि मी पोट धरून हसायची. तीही हसायची. निदान मला तसं वाटायचं. जाताना म्हणाली, "तू ये आमच्या गणपतीला." मीही "येईन की" म्हणून टाकलं. मॉरिशसला जाणं म्हणजे काही वाघोलीला जाणं नव्हे, हे तेव्हा दोघींनाही ठाऊक होतं.

पण योग होता. मुंबईहून सहा-एक तासांचा प्रवास करून आम्ही उतरलो. घड्याळ दीड तास मागं घेतलं आणि मामाच्या कात्र बोर्नच्या घरी बारसं यथासांग पार पडलं. त्या आठवड्यात मामानं आम्हांला पोर्ट लुईचा आप्रवासी घाटही दाखवला. १८३४ सालापासून पुढं सुमारे साडेचार लाख हिंदी माणसं करारावर ऊसमळ्यांत राबायला या बेटावर आली. गुलामगिरी १८३५ मध्ये इथं बंद झाली आणि मळेवाल्यांना स्वस्त हात हवे होते. त्या माणसांना उतरवून घेण्यासाठी १८४९ मध्ये हा घाट बांधला गेला. २००६ पासून तो जागतिक वारसा आहे. बंदरावरून वर जाणाऱ्या दगडी पायऱ्या सोळा आहेत. मी त्या मोजल्या, त्यांच्यावर उभी राहून चार फोटो काढून घेतले आणि "भूक लागली" म्हणाले. हे मुद्दाम सांगते आहे, कारण पुढं त्याची लाज वाटली.

शुक्रवारी संध्याकाळी मामानं मला मैत्रिणीच्या घरी, पश्चिम किनाऱ्याजवळच्या कास्कावेल गावी सोडलं. दोन्ही बाजूंना माणसाहून उंच ऊस, मधून रस्ता आणि ऊस भरून चाललेले ट्रक. क्षणभर वाटलं, आपण बारामतीकडं निघालो आहोत. तेवढ्यात समोर निळा समुद्र दिसला आणि बारामती मागं पडली.

दारात मैत्रीण, ताई, त्यांचे आईबाबा, आजी-आजोबा अशी सगळी उभी होती. "की मान्येर?" असं मी मामाकडून पाठ करून आणलेलं क्रिओल फेकलं. आजोबांनी हात जोडले आणि सावकाश, एकेक शब्द निवडून म्हणाले, "या. बसा. पुण्याहून आलात, आमचं घर पावन झालं." माझ्या वयाच्या मुलीला घरच्या वडीलधाऱ्यानं अहोजाहो करावं! मी इतकी गोंधळले, की चप्पल घालूनच आत गेले.

शनिवारची सकाळ आयुष्यभर लक्षात राहील. आम्ही फ्लिक-आँ-फ्लाकच्या किनाऱ्यावर गेलो. तिथं लाटा पायाशी येतच नाहीत. दूर प्रवाळाच्या कड्यावर फुटून पांढऱ्या होतात आणि आतलं पाणी मुठा कालव्याइतकं शांत राहतं. सप्टेंबर म्हणजे तिकडं थंडीची अखेर. मी कुडकुडत पाण्यात उतरले, आणि मैत्रिणीनं मला ढकललं. परतताना एका गाडीवर पुरणपोळीसारखं काहीतरी तव्यावर भाजत होते. "एन पेर," म्हणून तिनं जोडी मागितली. एकीवर एक ठेवून, गुंडाळून, कागदात. डाळ भरलेली आहे हे वासावरून कळत होतं. गोडाच्या ओढीनं मी मोठा घास घेतला. आत मिरचीची चटणी! डोळ्यांतून पाणी आलं आणि मैत्रीण पोट धरून हसली. तिचं नाव ढोल पुरी, म्हणजे डाळपुरी. पुण्यातल्या माझ्या हसण्याची ही परतफेड असावी. नंतर अननसाला मीठ-मिरची लावून खाल्लं, सब्जा घातलेला दुधाचा थंडगार आलुदा प्यायला आणि घरी जाऊन वर जेवलोही.

दुपारी सजावट. मूर्ती घरीच घडवलेली, हातभर उंचीची. डोळे ताईनं रंगवले होते, त्यामुळं बाप्पा किंचित तिच्यासारखे दिसत होते. घरात काही दिवस सामिष बंद. मोदकांची उकड आजींनी काढली, कळ्या मात्र माझ्याकडं दिल्या. पुण्याची मुलगी म्हणून! माझे मोदक पाहून त्या काही बोलल्या नाहीत. फक्त ते मागच्या ताटात ठेवले.

मॉरिशसला गणेशचतुर्थीची सरकारी सुटी असते. २०२४ ची सुटी रविवारी, ८ सप्टेंबरला होती. या घरचा गणपती शनिवारी संध्याकाळी बसायचा आणि रविवारी दुपारी उठायचा. दहा दिवसांची सवय असलेल्या मला ते फारच थोडं वाटलं आणि तसं मी बोलूनही दाखवलं. संध्याकाळी शेजारपाजारची पंचवीस-तीस माणसं जमली. पेटी होती, ढोलकी होती, झांजा होत्या. आरती सुरू झाली. चाल थोडी निराळी, ठेका निराळा. आजोबा डोळे मिटून म्हणत होते, मैत्रीण त्यांच्या शेजारी वही धरून होती. आणि माझ्या कानांना ते खटकलं. सगळे 'ळ' च्या जागी 'ल' म्हणत होते. 'ण' चा 'न' होत होता.

पहिली आरती संपताच मी, कोणी विचारलेलं नसताना, मोठ्यानं म्हणाले, "ल नाही हं तो, ळ आहे. जीभ अशी मागं वळवायची." आणि वळवून दाखवली.

कोणी रागावलं नाही. उलट सगळ्यांनी आज्ञाधारकपणे प्रयत्न केला. आजोबांनीही केला. त्यांचा ळ काही केल्या येईना. "पुन्हा, आजोबा," मी म्हणाले. एक-दोन मुलं हसली. पुढची आरती सुरू झाली तेव्हा आवाज निम्म्यावर आला होता. जो तो जपून म्हणत होता. मैत्रिणीची वही मिटलेली होती आणि तोंडही.

रात्री दिवा मालवल्यावर ती अंधारात म्हणाली, "पुण्यात तू माझ्यावर हसलीस, ते चाललं. मी पाहुणी होते. आज तू आजोबांना शिकवलंस. ही आरती त्यांना त्यांच्या आजोबांनी शिकवली. त्यांनी मळ्यातून येऊन, रात्री, तोंडी शिकवली. पुस्तक नव्हतं."

मला उत्तर सुचलं नाही. थोड्या वेळानं तीच म्हणाली, "तू 'मी गेलो' ला हसायचीस ना, तेव्हा मी घरी येऊन शंभर वेळा 'गेले, गेले' लिहिलं होतं." मग ती कुशीवर वळली. बाहेर उसाची पानं रात्रभर सळसळत होती. मला झोप लागली नाही.

सकाळी चहाच्या वेळी आजोबांनी एक प्लास्टिकचं पाकीट आणलं. मला वाटलं, आता खरा समाचार. आत एक कागद होता. मोका इथं १९७० साली स्थापन झालेली महात्मा गांधी संस्था आहे; करारी मजुरांच्या नोंदवह्या तिथं जपलेल्या आहेत. त्यांतून काढलेली ती त्यांच्या पणजोबांच्या वडिलांची नोंद. एक क्रमांक. नाव. बापाचं नाव. वय बावीस. बंदर मुंबई. जिल्हा रत्नागिरी. परगणा राजापूर. आणि गाव.

कागदावरचं नाव हे नुसतं पाळण्यातलं नाव होतं. तेच आता या घराचं आडनाव आहे. तिथं असंच झालं आहे. पहिल्या माणसाचं सखाराम किंवा लक्ष्मण हे नाव मुलानातवंडांना आडनाव म्हणून चिकटलं, आणि मूळ आडनाव समुद्रात राहिलं.

"तुम्ही तिकडच्या," आजोबा म्हणाले, "हे गाव कोणतं, तेवढं वाचून सांगा. मी कितीजणांना विचारलं."

मी कागद उजेडात धरला. कारकुनानं कानावर पडलं तसं इंग्रजीत लिहिलेलं होतं. पहिलं अक्षर 'के' की 'आर' कळेना. मधली अक्षरं म्हणजे नुसत्या लाटा. शेवट मात्र स्पष्ट होता: वाडी. कोकणात एकेका गावाला दहा-दहा वाड्या! आजोबा माझ्या तोंडाकडं पाहत होते. काल मी जिभेचे धडे दिले, त्याच तोंडाकडं. "वाडी" एवढंच मी वाचलं. त्यांनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. "वाडी. वाडी." त्यात ळ नव्हता, अगदी स्वच्छ म्हटला त्यांनी.

तेव्हा मला त्या सोळा पायऱ्या आठवल्या. बावीस वर्षांचा तो मुलगा त्या चढून गेला असेल. वर गेल्यावर त्याला गावाचं नाव विचारलं असेल आणि त्यानं ते नीट, ळ सकट, सांगितलंही असेल. ऐकणाऱ्याला ते ऐकू आलं नाही. मी तिथं उभी राहून चार फोटो काढले होते.

"आजोबा, काल माझं चुकलं," मी म्हणाले. ते म्हणाले, "नाही, नाही. तुम्ही बरोबर. आम्हांला येत नाही." आणि ते बोलणं इतकं मनापासूनचं होतं, की मला जास्तच वाईट वाटलं.

दुपारी मिरवणूक निघाली. लक्ष्मी रस्त्याची मिरवणूक चोवीस तासांहून जास्त चालते. ही उसाच्या मधून तासाभराची. ध्वनिवर्धकांच्या भिंती नव्हत्या. ढोलकीवर मुलं फेर धरून नाचत होती, पुढं दोन पावलं, मागं एक, पायांत घुंगरं. तिकडं याला झाकरी म्हणतात. मी ते कुठंतरी पाहिलेलं होतं. मग लक्षात आलं, की आमच्या शेजारच्या कोकणातल्या काकांच्या गावी गणपतीत जाखडी नाचतात ती हीच. पावलं तीच. पावलांना जीभ मागं वळवावी लागत नाही, म्हणून ती जशीच्या तशी राहिली असावीत.

मैत्रीण सकाळपासून माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. समुद्र दिसू लागला तसा "गणपती बाप्पा" असा आवाज उठला. ती माझ्याजवळ आली आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, "मोरया मध्ये ळ नाही ना?"

"नाही."

"मग ओरडते," म्हणाली, आणि अशी ओरडली, की माझ्या कानाला दडे बसले. मीही ओरडले. आम्ही दोघी ओरडत, हसत, थोड्या रडतही कमरेइतक्या पाण्यात गेलो. आजोबांनी मूर्ती तीनदा बुडवली आणि सोडली. शेवटच्या आरतीत मी त्यांच्या चालीवर, त्यांच्या ठेक्यावर म्हणाले. दुसऱ्या आरतीनंतरची कडवी मला येतच नव्हती, हेही तेव्हाच उघडकीस आलं. ती मैत्रिणीनं वहीतून दाखवली.

अनंतचतुर्दशीला मी पुण्यात होते. आमच्या गल्लीतल्या भिंती हादरत होत्या, आणि मी रत्नागिरी जिल्ह्याचा १८८० सालचा गॅझेटियर चाळत बसले होते. आपल्या इतिहासाच्या सरांनी तो मिळवून दिला. तेव्हाच्या रत्नागिरीत आजच्या सिंधुदुर्गाचा बराचसा भागही येतो. सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला १९८१ मध्ये. गॅझेटियरात बंदरं आहेत, किल्ले आहेत, वाड्या नाहीत. दिवाळीच्या सुटीत बाबांना घेऊन राजापूर तालुक्यात तीन दिवस हिंडले. 'के' नं सुरू होणाऱ्या अकरा वाड्या आणि 'आर' नं सुरू होणाऱ्या सात वाड्या वहीत लिहून आणल्या. दीडशेहून अधिक वर्षांमागं बोटीवर चढलेल्या मुलाची आठवण एकाही वाडीत कुणाला नव्हती. ती असण्याचं कारणही नव्हतं.

मी आजोबांना फोनवर खरं ते सांगितलं. गाव सापडलं नाही, अठरा नावं आहेत. ते म्हणाले, "वाचून दाखवा." मी अठराही नावं सावकाश वाचली. पलीकडं शांतता होती. मग म्हणाले, "आता पुन्हा वाचा." दुसऱ्यांदा वाचताना ते माझ्यामागून एकेक नाव म्हणत गेले. जिथं मी ळ म्हणाले, तिथं त्यांनी ल म्हटला. मी पुढं वाचत गेले.

आपल्या महाविद्यालयात राजापूरकडचे बरेच विद्यार्थी आहेत. त्यांच्यापैकी कुणाच्या आजीला, पणजीला घरातला कोणी "बोटीनं गेला तो आलाच नाही" असं सांगितलेलं आठवत असेल, तर मला जरूर भेटावं. वही माझ्याकडं आहे.