गणपती आटोपले की पोर्तुगाल!

पोर्तुगालचा नकाशा उघडला आणि मी हरखूनच गेले. केवढासा देश! दक्षिणोत्तर लांबी साधारण साडेपाचशे किलोमीटर, आणि मोठी शहरं सगळी रेल्वेनं जोडलेली. पोर्तोहून लिस्बन तीन तास, लिस्बनहून दक्षिणेचं फारो पुन्हा तीन तास. उत्तरेत उतरायचं आणि खाली खाली उन्हाकडे सरकत जायचं, बस्स!

पण जायचं कधी? जुलै-ऑगस्टमध्ये किनारे माणसांनी भरलेले, खोल्यांचे दर चढलेले. सप्टेंबरच्या अखेरीस गर्दी ओसरते, ऊन मात्र असतंच. पोर्तुगालचा किनारा भूमध्य समुद्राचा नाहीच, सगळा अटलांटिकचा! पाणी एरवी चांगलंच गार. उन्हाळाभर तापून ते सर्वांत उबदार होतं ते याच सुमाराला. उत्तरेत दोरू नदीच्या खोऱ्यात द्राक्षांची तोडणीही याच दिवसांत. गणपतीचं विसर्जन करून निघालं, की सगळं जुळतंय!

सुरुवात पोर्तोच्या साँ बेन्तू स्टेशनापासून. आत शिरताच चारी बाजूंनी चित्रंच चित्रं: जॉर्ज कोलासू यांनी रंगवलेल्या सुमारे 20,000 टाइल्स, लढाया आणि राजेराण्या, बहुतेक निळ्या-पांढऱ्यात. तिथूनच दोरू खोऱ्यातल्या पिन्यावची गाडी पकडायची आणि उजवीकडची खिडकी गाठायची, कारण पुढे रूळ नदीला चिकटून धावतात आणि समोर डोंगरउतारांवर द्राक्षमळ्यांच्या पायऱ्या. या खोऱ्याची हद्द पोर्ट वाइनसाठी 1756 मध्येच आखली गेली!

मग लिस्बन. तिथल्या बेलें भागातून 1497 मध्ये वास्को द गामा निघाला आणि पुढच्या वर्षी कालिकतजवळ पोहोचला. शाळेच्या इतिहासातला हा माणूस तिथल्याच जेरोनिमुश मठात चिरविश्रांती घेतोय. मठापासून चार पावलांवर 1837 पासून चाललेलं दुकान, आणि तिथे भट्टीतून निघालेले, वर दालचिनी भुरभुरलेले कस्टर्डचे गरमागरम टार्ट!

शेवटी दक्षिण किनाऱ्यावरचं आल्गार्व्ह, आणि सगळ्यात जास्त मुक्काम इथेच. लाटांनी चुनखडीचे कडे कोरून कमानी केल्यात, गुहा केल्यात. प्राया दा मारिन्यापासून कड्यांच्या माथ्यावरून सुमारे सहा किलोमीटरची पायवाट जाते आणि वाटेत लागते बेनाजील, छताला भोक पडलेली ती प्रसिद्ध गुहा. वरून त्या भोकात डोकवायचं, मग खाली उतरून होडीतून आत जायचं. दोन्हीकडून बघायचीच!

कागदपत्रांचाही धसका घेऊ नका. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, म्हणजे सप्टेंबरसाठी मार्चपासूनच. वैद्यकीय विमा किमान 30,000 युरोंचा लागतो. लांब पल्ल्याच्या गाड्यांची तिकिटं लवकर काढली तर बरीच स्वस्त पडतात. तेव्हा पुढच्या वर्षीचं कॅलेंडर हातात आलं, की आधी अनंत चतुर्दशी बघा आणि तिच्या पुढचे दोन आठवडे राखून ठेवा!