शेगडीची राखण

‘स्टेनलेस’ हे नाव ज्याने ठेवले, त्याच्या घरी दूध कधी उतू गेले नसावे. नाही तर पोलादाला निष्कलंक म्हणण्याचे धाडस त्याने केले नसते. आमच्या गॅसच्या शेगडीवर डाग पडतात, आणि माणसांप्रमाणे त्यांचेही स्वभाव असतात. पेजेचा डाग सगळ्यांत सभ्य. वाळला की कागदासारखा अख्खा सुटून येतो. आमटीचा डाग तेलाची किनार लावून बसतो. दुधाचा डाग वरून साधाभोळा आणि खालून करपलेला. पाकाचा डाग मात्र अट्टल. जळून कोळसा होईल, पण जागा सोडणार नाही. शिवाय बर्नरभोवती एक सोनेरी-जांभळी झाक दिसते. तिला डाग म्हणणे अन्यायाचे होईल. पोलाद तापून तापून त्याच्या कांतीचाच रंग बदललेला असतो. कितीही साबण लावा, ती हलत नाही.

दिवाळी जवळ आली की घरोघर या शेगडीवर चाल होते. वर्षभर फडक्याचा एक ओझरता हात फिरवून जिची बोळवण केली, तिच्यावर आश्विनात लोखंडी घासणी आणि बाजारातली नाना तऱ्हेची द्रावणे घेऊन सारे तुटून पडतात. ती चकचकीत होते. घरातले माणूस दमते. आणि दोन महिन्यांनी त्या चकचकाटावर तांबूस ठिपके उमटले की म्हणायचे, ‘हल्लीचे स्टील काही पूर्वीसारखे राहिले नाही!’

आम्ही राहतो रत्नागिरी जिल्ह्यात, समुद्राच्या हाकेवर. इथला वारा खारा. खिडकीचे गज, सायकलची साखळी, शाळेत घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा, सगळ्यांना तो चाखून बघतो. तेव्हा शेगडीवरच्या तांबूस ठिपक्यांचे कोडे आमच्या घरी जरा मोठेच होते. मी शाळेत मराठी शिकवते आणि सुट्टीत कादंबऱ्या लिहिते. माझे रसायनशास्त्र मॅट्रिकलाच संपले. म्हणून मी हा प्रश्न आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या गुरुजींपुढे ठेवला. त्यांनी प्रयोगशाळेतले लोहचुंबक खिशात घातले आणि ते संध्याकाळी चहालाच आले.

चुंबक शेगडीला चिकटले. माझा चेहरा पडला, कारण चुंबक चिकटले की स्टील खोटे, असे भांडीवाल्याकडून ऐकत मी लहानाची मोठी झाले. गुरुजी हसले. म्हणाले, तेही स्टेनलेसच. फक्त त्यात निकेल नाही. ज्या पोलादात निदान साडेदहा टक्के क्रोमियम आहे, ते स्टेनलेस. चांगल्या भांड्यांत सुमारे 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असते. त्यांना चुंबक फारसे धरत नाही. निकेल नसलेले पोलाद चुंबकाला धरते आणि खाऱ्या हवेत जरा लवकर डागाळते, इतकेच.

मग त्यांनी जे सांगितले, ते माझ्या मनात अजून घर करून आहे. क्रोमियमला हवा लागली की पोलादावर एक पापुद्रा धरतो. तो केसाच्या जाडीहून हजारो पटींनी पातळ. डोळ्यांना कधी दिसत नाही. गंजाला अडवतो तो हा पापुद्रा. आणि त्यातली मोठी गंमत अशी की ओरखडा पडून तो फाटला, तर हवेतला प्राणवायू घेऊन तो आपला आपण पुन्हा सांधतो. पोलाद स्वच्छ हवे, कोरडे हवे आणि त्याला हवा मिळाली पाहिजे, एवढीच त्याची अट. मीठ हा त्याचा वैरी. मिठाचे पाणी साचून राहिले तर बारीक बारीक खड्डे पडतात. कपडे पांढरे करण्याचे ब्लीच हा दुसरा वैरी. लोखंडी घासणीचे कण मागे राहतात आणि ते स्वतः गंजतात. नाव मात्र शेगडीचे खराब होते.

हे पोलाद 1913 साली इंग्लंडातल्या शेफील्ड गावी हॅरी ब्रिअर्ली नावाच्या माणसाच्या हाती लागले. तो शोधीत होता बंदुकीच्या नळ्या झिजू नयेत यासाठी काहीतरी. बाराव्या वर्षी शाळा सोडून तो पोलादाच्या कारखान्यात कामाला लागला होता. माझ्यासारख्या मॅट्रिकवर थांबलेल्या बाईला या गोष्टीचा थोडा आनंद झाला, तर वाचकांनी तो मला लखलाभ होऊ द्यावा.

आता या सगळ्यात जिचा खरा संबंध, तिच्याकडे येते. आमच्या घरी शेगडी माझी कधीच नव्हती, ती सासूबाईंची. मी त्यांना आईच म्हणते. त्यांचे वय 79. गॅस घरात येण्याआधी त्यांनी बावीस वर्षे चुलीपुढे काढली. मुंबईत 1955 सालापासून घरोघर गॅस पोचू लागला होता, पण आमच्या गावी तो उशिरा आला. चुलीच्या धुराने डोळे चोळीत त्यांनी तीन मुले वाढवली. म्हणून शेगडी आली तेव्हा त्यांना ती वस्तू वाटली नाही, सुटका वाटली. न्हाणीची चूल परसात अजून आहे. तिच्या राखेने त्या भांडी घासतात. पण शेगडीला राख लावू देत नाहीत. राखेत वाळूचा कण असतो, तो चरे पाडतो, हे त्यांना कुठल्या गुरुजींनी सांगावे लागले नाही.

आपल्या भाषेत रक्षा म्हणजे राख आणि रक्षा म्हणजे सांभाळही. शब्दकोशात हे दोन अर्थ शेजारी बसलेले मी कितीदा वाचले होते. आईंच्या हातात ते एकत्र नांदताना दिसले.

गेल्या वर्षी आईंच्या डोळ्यांनी दगा दिला. मोतीबिंदू असता तर काढता आला असता. हा दृष्टिपटलाचा आजार. कडेकडेचे दिसते, मधले दिसत नाही. समोर माणूस आला तर त्याचे कान दिसतात, चेहरा दिसत नाही, असे त्याच हसून सांगतात. गॅसची निळी ज्योत दिवसाउजेडी डोळसांनाही नीट दिसत नाही, मग त्यांची काय कथा! एके दिवशी दुपारी त्यांच्या पदराला दोन बोटे रुंद भोक पडले. त्यांना कळले ते वासाने. पदर सुती होता आणि हाताशी पाण्याची कळशी होती, म्हणून थोडक्यावर निभावले.

रात्री वन्संचा मुंबईहून फोन आला. “वहिनी, आईला आता ओट्याशी जाऊ देऊ नका,” त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज कापत होता. चौथ्या दिवशी त्यांनी पाठवलेली विजेची शेगडी दारात आली. वन्संचे काही चुकत नव्हते. आपल्या आईचा पदर जळाला हे दूरवरून ऐकणाऱ्या लेकीने दुसरे काय म्हणावे?

आईंनी शब्दानेही विरोध केला नाही. त्या ओटीवर जाऊन बसल्या. पहिल्या दिवशी त्यांनी तांदूळ निवडले, दुसऱ्या दिवशी निवडलेलेच पुन्हा निवडले. तिसऱ्या दिवसापासून त्या आतल्या आवाजांना कान लावून बसू लागल्या. “भात लावलास का गं?” “दूध उतरवलंस का?” आणि मग आठव्या दिवशी प्रश्नही थांबले. जेवायला वाढले तर जेवत, नाही तर मागत नसत. अंगावरचे काम गेले की माणूस किती झपाट्याने म्हातारे होते, हे मी त्या आठ दिवसांत पाहिले.

त्याच सुमारास शेजारच्या घरी एक प्रकार घडला. त्यांनी नवी शेगडी आणली होती. कारखान्यातून येताना पोलादावर प्लास्टिकचा पातळ कागद चिकटवलेला असतो. ओरखडे पडू नयेत म्हणून त्यांनी तो काढलाच नाही. पावसाळाभर खारे पाणी कडेने आत झिरपत राहिले. कागद सोलून काढला तेव्हा खाली ठिकठिकाणी गंज. उघडी असलेली आमची जुनी शेगडी मात्र जवळजवळ कोरीच होती. गुरुजी म्हणाले, “झाकलेल्या जागी हवा पोचली नाही. फाटलेला पापुद्रा सांधणार कसा?”

मी घरी आले आणि ओटीवर बसलेल्या आईंकडे पाहिले. जपायचे म्हणून आपणही त्यांच्यावर असाच कागद चिकटवला आहे, असे मला वाटले. जीव वाचवायला विस्तवापासून दूर ठेवणे भाग होते. पण विस्तव आणि शेगडी या दोन वस्तू आहेत. विस्तव त्यांना नको, हे खरे. शेगडी का नको?

त्याच शनिवारी आम्ही वाटणी केली. काडी लावणे आणि बटण फिरवणे माझ्याकडे. शेगडी राखणे आईंकडे. सगळे निवले की मी रेग्युलेटर बंद करते आणि त्या पदर खोचून ओट्याशी उभ्या राहतात. आधी जाळ्या, मग तबकड्या, मग पितळी बर्नर, असा एकेक भाग त्या हाताने उचलतात. बर्नर चिंचेच्या कोळात पडतात. पितळ घासताना पूर्वी त्या चिंचेत मीठही घालीत. पण शेगडीच्या आसपास मीठ नको, हे गुरुजींचे म्हणणे त्यांनी लगेच मानले. “पितळेला औषध ते हिला विष होय? बरं,” एवढेच म्हणाल्या. वाळलेल्या डागावर त्या कोमट पाण्याचे फडके पाव तास ठेवतात आणि मग पुसतात. घासण्याचा जोर वाचतो. पुसायचे ते पोलादावरच्या बारीक रेघांच्या दिशेने, आडवे नाही. त्या रेघा त्यांना दिसत नाहीत, बोटांना लागतात.

आणि बर्नरची भोके! ती बुजली की ज्योतीची निळाई जाऊन ती पिवळी होते, भांड्यांचे बूड काळे पडते, गॅस वाया जातो. मला हे ज्योत पाहून कळते. आईंना ते ओटीवर बसून ऐकू येते. “डावा बर्नर रडतोय गं,” त्या म्हणतात. शनिवारी सुई घेऊन त्या एकेक भोक बोटाने चाचपतात, मोजतात, मोकळे करतात. मग बर्नर उन्हात खडखडीत वाळवायचे. ओला बर्नर बसवला की ज्योत फट्फट् करते.

श्रावणातल्या एका शनिवारी त्यांचा हात शेगडीवरून मागच्या नळीवर गेला आणि थांबला. “इथं काहीतरी लागतंय,” त्या म्हणाल्या. नळीवर छापलेली मुदत अजून संपली नव्हती. पाच वर्षे व्हायला बराच काळ होता. वरून पाहिले तर नळी नव्यासारखी. पण खालच्या अंगाला, जिथे कुणाचीच नजर जात नाही तिथे, नखभर चीर होती. रेग्युलेटर बंदच होता, तो तसाच ठेवला. माणूस आला, त्याने चिरेवर साबणाचा फेस लावून क्षणभर गॅस सोडला. फेसातून बुडबुडे आले. हा गॅस हवेपेक्षा जड. गळला तर वर उडून जात नाही, जमिनीलगत साचून राहतो. त्या संध्याकाळी मी शेगडी पेटवणारच होते.

मी ते वन्संना कळवले. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “ते खरं, वहिनी. पण मला भीती वाटायची ती वाटतेच.” वाटणारच. ती भीती मलाही आहे, आणि म्हणून काडेपेटी मी माझ्याकडे ठेवली आहे. वाटणी झाली म्हणजे काळजी संपली, असे नाही. विजेची शेगडीही ओट्यावर आहे. दुपारचे दूध मी तिच्यावर तापवते.

यंदा वन्सं दिवाळीला येणार आहेत. चकल्या, करंज्या, शेव सगळे घरीच व्हायचे आहे. तळण झाले की शेगडीवर तेलाचे शिंतोडे उडणार, पाक सांडणार, दूध उतू जाणार. तेल फार निवू देऊ नये, कोमट असतानाच साबणाच्या पाण्याने पुसावे आणि कोरडे फडके फिरवावे, एवढे वाचकांनी जरूर ध्यानात ठेवावे. भाऊबीजेनंतर घासणी घेऊन लढाई करावी लागणार नाही.

परवा फोनवर वन्संनी आईंना पुन्हा बजावले, “आई, तळताना तू ओट्याशी यायचं नाहीस हं.”

“नाही येत,” आई म्हणाल्या. “तुम्ही तळा दोघी. पण झालं की शेगडी मला आणून द्या.”