आजोबांचं वेळापत्रक

डिसेंबर लागला की हॉस्टेलमध्ये मला एक प्रश्न हमखास विचारला जातो, "तुमच्या घरी सांता येतो का गं?" नाही येत, मंडळी! आमच्याकडे नाताळला करंज्या असतात, चकल्या असतात, शंकरपाळे असतात. दिवाळीत तुमच्या दारात जो आकाशकंदील लागतो, तोच महिनाभराने आमच्या दारात लागतो. फक्त आमचा चांदणीच्या आकाराचा. आणि हे सगळं होतं आजी-आजोबांच्या घरी, नगरला. २०२४ पासून गावाचं सरकारी नाव अहिल्यानगर झालंय, पण आजोबांच्या तोंडात नगरच आहे.

आजोबा एस.टी.तून रिटायर झाले २००६ साली. आधी कंडक्टर, मग कंट्रोलर. कंट्रोलर म्हणजे स्टँडवर खिडकीमागे बसून कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागणार, कधी सुटणार हे ठरवणारा माणूस. एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे ते नगर धावली. आजोबांचा जन्मही त्याच वर्षीचा, त्यामुळे या गोष्टीचं श्रेय ते थोडंफार स्वतःकडेही घेतात! २०२३ मध्ये पंच्याहत्तरी पूर्ण झाली आणि सरकारी सवलतीत त्यांना एस.टी.चा प्रवास फुकट झाला. आजीला कौतुक वाटलं. आजोबा म्हणाले, "मी आयुष्यभर विनातिकीट माणसं पकडली आणि म्हातारपणी मीच विनातिकीट!"

त्यांच्या नोकरीतली मला सर्वात आवडणारी गोष्ट सुट्टीची. नाताळला त्यांना कधी रजेसाठी भांडावं लागलं नाही, कारण दिवाळीचे चारही दिवस ते आपणहून ड्यूटी घ्यायचे. लक्ष्मीपूजनाच्या रात्री स्टँडवर खिडकीत आमचे आजोबा. मग पंचवीस डिसेंबरला तेच सहकारी यांची ड्यूटी करायचे. ईदला तिसराच कोणी मोकळा व्हायचा. हे कुठल्या सर्क्युलरमध्ये नव्हतं. चहाच्या टपरीवर ठरायचं आणि पाळलं जायचं. आजी सांगते की लग्नानंतर कितीतरी वर्षं तिने दिवाळीत नवऱ्याला रात्री घरात पाहिलंच नाही, पण नाताळला एकदाही एकटी देवळात गेली नाही. (आजी चर्चला देऊळच म्हणते. आमच्याकडची जुनी माणसं म्हणतात.)

मी शिकले पुण्यात, कॉन्व्हेंटमध्ये. तिथे आम्ही हात मागे बांधून, सरळ रांगेत उभं राहून पियानोवर इंग्रजी कॅरल्स म्हणायचो. नगरला तोच बाळ येशू ढोलकी आणि टाळांवर जन्माला येतो! अमेरिकन मिशन नगरला आलं १८३१ मध्ये, पण आमच्या देवळातली गाणी काही अमेरिकन वाटत नाहीत. त्याचं मोठं कारण म्हणजे ना. वा. टिळक. त्यांनी ख्रिस्ती माणसाच्या हातात अभंग आणि भजन दिलं. पाठ्यपुस्तकातले 'फुलामुलांचे कवी' टिळक आणि आजी गुणगुणते ती भजनं लिहिणारे टिळक हे एकच, हे मला नववीपर्यंत माहीत नव्हतं.

तर मुद्द्यावर येते. आजोबांना दोन मुलगे. मोठे माझे पप्पा, आम्ही पुण्याला. धाकटा काका, तो औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला. नगर बरोबर मध्ये. दोन्हीकडून साधारण सारखंच अंतर. २०१८ च्या मे महिन्यात घरावरून दोघांचं वाजलं. पप्पांचं म्हणणं, घर विकावं आणि आजी-आजोबांनी पुण्याला फ्लॅटमध्ये यावं. काकाचं म्हणणं, वर मजला चढवावा. आजोबा म्हणाले, "विकायचं नाही आणि चढवायचंही नाही." पण तोपर्यंत ओट्यावर दोघांचं एकमेकांना बोलून झालं होतं, आणि ते बोलणं घराबद्दल राहिलं नव्हतं. कोणी किती केलं, कोणाच्या शिक्षणाला किती गेलं वगैरे वगैरे. ज्यांच्या घरी असं झालंय त्यांना सांगायची गरज नाही. ज्यांच्या घरी नाही त्यांना सांगून समजायचं नाही.

त्या डिसेंबरात आजोबांनी रिटायरमेंटनंतर बारा वर्षांनी पुन्हा वेळापत्रक बनवलं. खरंच बनवलं, डायरीत, रेघा मारून. पप्पांची गाडी मुक्कामी : २४ ला संध्याकाळी सहाला आगमन, २५ ला सकाळची उपासना, जेवण, दुपारी एकला प्रस्थान. काकाची गाडी २५ ला दुपारी चारला आगमन, २६ ला प्रस्थान. मध्ये तीन तास मोकळे. वाघोलीला ट्रॅफिक, वाटेत पंक्चर, सगळं धरून तीन तास. दोन्ही गाड्या एका वेळी फलाटाला लागू द्यायच्या नाहीत, बस्स! हाडाचा कंट्रोलर.

आम्हा भावंडांना सुरुवातीला याची गंमतच वाटायची. आमचा चौघांचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. आम्ही निघालो की मी टाकायची 'फलाट रिकामा', की तिकडून काकाची मोठी मुलगी 'गाडी सुटली'. पण आजीकडे पाहिलं की गंमत वाटेनाशी व्हायची. ती फराळाचे दोन सारखे डबे भरायची. दोनदा मटण, दोनदा पुलाव. एकदा मी तिला म्हटलं, "आजी, एकदाच का नाही करत?" तर म्हणाली, "एकदाच करायला मोठं पातेलं लागतं. ते माळ्यावर आहे."

२०२० ला कोरोनामुळे कोणीच आलं नाही. डायरीत दोन्ही ओळींपुढे 'फेरी रद्द' असं लिहिलेलं मी नंतर पाहिलं. २०२१ ला एस.टी.चा संप होता. आम्ही गेलो तेव्हा आजोबा सकाळी फिरायला म्हणून जायचे आणि उभ्या गाड्या बघून यायचे. घरी काही बोलायचे नाहीत.

आजी शाळेत मराठी शिकवायची. दर नाताळच्या सुट्टीत तिच्या उशाशी 'स्मृतिचित्रे' असतं. कितव्यांदा वाचतेय कोण जाणे! टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर नव्हत्या. त्यांचा बाप्तिस्मा थेट १९०० मधला. दोन वर्षांपूर्वी आम्ही निघताना आजी पप्पांच्या हातात डबा देत म्हणाली, "लक्ष्मीबाईंच्या घरात केवढं मोठं कारण होतं. तरी पाच वर्षांत मिटलं. तुमचं तर एका जिन्यावरून आहे." पप्पांनी डबा घेतला, डिकीत ठेवला आणि शिरूर येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

आणि मग २०२४. नेहमीसारखा फोन आला : २४ ला सहा. आम्ही सहाला पाच कमी असताना गल्लीत वळलो, तर समोरून काकाची गाडी! गेटच्या तोंडाशी दोन्ही गाड्या नाकाला नाक लावून उभ्या. मम्मी पप्पांकडे बघतेय, पप्पा स्टिअरिंगकडे. इंजिनं चालू. कोणी उतरेना. कळलं ते असं, की आजोबांनी काकालाही २४ ला सहाच सांगितले होते.

आजोबा ओट्यावरून उतरले. स्वेटर, मफलर, पायात स्लिपर. आधी पप्पांच्या गाडीमागे गेले आणि बॉनेटवर मारावी तशी डिकीवर थाप मारून "येऊ द्या... येऊ द्या... बस" करत गाडी बाजूला लावून घेतली. मग काकाची. पण पप्पांची गाडी हातभर मागे राहिली होती, गेट लागत नव्हतं. काका खाली उतरून म्हणाला, "दादा, थोडी पुढे घे."

पप्पांनी घेतली.

सहा वर्षांतलं हे पहिलं वाक्य. आजी दारात उभी होती. तिला 'थोडी पुढे घे' ऐकू आलं की नाही माहीत नाही. 'दादा' आलं असावं, कारण ती लगेच आत निघून गेली.

पुढे काही सिनेमासारखं झालं नाही. जेवताना दोघं पंगतीच्या दोन टोकांना बसले. काकूने आणि मम्मीने मिळून वाढलं आणि सगळा वेळ मिठाबद्दल बोलल्या. रात्री अकराच्या सुमाराला मंडळीतली मुलं कॅरल म्हणत दारात आली. त्यांच्यातल्या एकाने ढोलकी पप्पांपुढे ठेवली, तरुणपणी ते वाजवायचे म्हणून. पप्पांनी दोन थापा मारल्या. काका भिंतीला टेकून दुसरीकडे बघत होता. तसाच म्हणाला, "उतरलीय." पप्पांनी दोरी ओढून ती चढवली. झालं. हे दुसरं वाक्य.

दुसऱ्या दिवशी आजी म्हणाली, "यांचं वय झालं, वेळा चुकल्या." मम्मीलाही तसंच वाटलं, बीपीच्या गोळ्या बदलल्यात वगैरे. मी गुपचूप डायरी उघडली. २४ डिसेंबरला दोन ओळी, दोन्हींपुढे सहा. अक्षर अगदी ठणठणीत. खाली लिहिलं होतं, 'जेवणार १०. माळ्यावरचं पातेलं काढणे.'

घराचं अजून काही ठरलेलं नाही. मजला नाही, विक्री नाही. पप्पा आणि काका फोनवर बोलत नाहीत. आजोबांच्या तपासणीची तारीख असली तर एकमेकांना मेसेज करतात, तोही 'ओके' एवढाच.

यंदा माझी शेवटची ओरल २३ तारखेला आहे. गेल्या रविवारी आजोबांचा फोन आला. "२४ ला सहा."

"आणि काका?"

"तू तुझी गाडी बघ," म्हणाले आणि फोन ठेवला.